सुकाणूवरची रिकामी जागा

सत्तरच्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या खेळण्यांच्या दुकानांत एक मोठा खोका विकायला असे. पुठ्ठ्यावर व्हायनिलचे रंगीत आवरण. तो सुटकेससारखा उघडला की आत ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेतल्या एंटरप्राइझ यानाचा नियंत्रणकक्ष दिसे. मध्ये कप्तानाची खुर्ची, समोर यान हाकण्याचे टेबल, टेबलापाशी ठेवायला दोन स्टुले. एका बाजूला गरगर फिरणारा कप्पा होता. त्यात बाहुला उभा करायचा, कप्पा फिरवायचा आणि बटण दाबून थांबवायचा. बाहुला नाहीसा झालेला असे.

त्या दोन स्टुलांवर कोण बसते, हे मालिका पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक होते. एकावर सुकाणू धरणारा सुलू आणि दुसऱ्यावर मार्ग आखणारा चेकॉव्ह. पण हा खोका काढणाऱ्या मेगो कंपनीच्या आठ इंची बाहुल्यांमध्ये सुलू नव्हता आणि चेकॉव्हही नव्हता. १९७४ मध्ये आलेल्या पहिल्या संचात सहा जण होते : कप्तान कर्क, स्पॉक, डॉक्टर मॅकॉय, इंजिनिअर स्कॉट, संपर्क अधिकारी उहूरा आणि शत्रुपक्षाचा एक क्लिंगॉन. पुढच्या दोन वर्षांत आणखी आठ बाहुले आले. ते सगळे परग्रहवासी होते. एंटरप्राइझच्या सुकाणूवरची जागा शेवटपर्यंत रिकामीच राहिली.

आज सुलू आणि चेकॉव्ह विकत मिळतात. तीच आठ इंचांची उंची, तसाच कापडी गणवेश, पुठ्ठ्यावर चिकटवलेला तसाच पारदर्शक फुगा. फरक इतकाच की ते एकविसाव्या शतकात घडवलेले आहेत. जुन्या घाटाच्या अशा नव्या बाहुल्यांना संग्राहकांच्या जगात ‘रेट्रो’ म्हणतात. त्यांच्याकडे सहसा मध्यमवयीन माणसांचा हळवा छंद म्हणून पाहिले जाते. हळवेपणा त्यात आहेच. पण गतकाळात जे घडले नाही, ते घडल्यासारखे करून ठेवण्याचे कामही या बाहुल्या करतात. म्हणून त्यांच्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहायला हवे.

बाहुला की बाहुली?

मराठीत बाहुला आणि बाहुली हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी नांदतात. पाटावरच्या भातुकलीत त्यांचे लग्नही लागते. अमेरिकेत मात्र साठच्या दशकात या प्रश्नाने कारखानदारांना घाम फोडला होता. १९५९ मध्ये बार्बी आली आणि कपडे बदलता येणाऱ्या बाहुलीने बाजार जिंकला. मुलग्यांसाठी तसेच काही काढायचे तर त्याला ‘डॉल’ म्हणायची सोय नव्हती. मुलगा डॉल खेळतो हे बापाला रुचले नसते. हॅसब्रो कंपनीने १९६४ मध्ये जी. आय. जो हा बारा इंची सैनिक बाजारात आणला, तेव्हा त्याच्यासाठी ‘ॲक्शन फिगर’ हा नवा शब्द घडवला. हातपाय वळणारा, कपडे बदलता येणारा बाहुलाच तो. नाव तेवढे मर्दानी.

या सैनिकाच्या जन्मकथेत विज्ञानकथेचा एक धागा आहे. स्टॅन वेस्टन या परवाना-दलालाने ही कल्पना हॅसब्रोच्या डॉन लेव्हिनकडे नेली, तेव्हा ती ‘द लेफ्टनंट’ नावाच्या एका दूरचित्रवाणी मालिकेशी जोडलेली होती. मालिका बंद पडली तर खेळणेही बुडेल, असा हिशेब करून हॅसब्रोने मालिकेचे नाव सोडले आणि नुसता सैनिक ठेवला. हिशेब बरोबर ठरला. ‘द लेफ्टनंट’ १९६४ मध्येच संपली. तिचा कर्ता होता जीन रॉडनबेरी. दोनच वर्षांनी, ८ सप्टेंबर १९६६ रोजी, त्याची नवी मालिका सुरू झाली. तीच ‘स्टार ट्रेक’.

बाहुला की बाहुली हा वाद पुढे न्यायालयातही गेला. अमेरिकेच्या जकात नियमांत ‘डॉल’वर १२ टक्के आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के कर होता. माणसाची प्रतिकृती ती डॉल, माणूस नसलेल्याची प्रतिकृती ते खेळणे, अशी वाटणी होती. एक्स-मेन वगैरे पात्रांच्या फिगर आयात करणाऱ्या कंपनीने ही पात्रे माणसे नाहीत असा दावा लावला आणि २००३ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. माणूस कोणाला म्हणायचे, हा विज्ञानकथेचा सनातन प्रश्न अखेर बंदरावरच्या जकातीत सुटला.

एक साचा, अनेक डोकी

‘स्टार ट्रेक’ ही तिच्या पहिल्या प्रक्षेपणात यशस्वी मालिका नव्हती. ७९ भागांनंतर १९६९ मध्ये ती बंद करण्यात आली. तिला खरा प्रेक्षक मिळाला तो नंतर. गावोगावच्या स्थानिक केंद्रांनी जुने भाग विकत घेऊन ते शाळा सुटण्याच्या वेळेला पुन:पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा एक नवीच पिढी तिच्या नादी लागली. बंद पडलेल्या मालिकेची खेळणी काढणे हा एरवी आतबट्ट्याचा व्यवहार. मेगोने तो केला.

मेगो ही १९५४ मध्ये स्थापन झालेली न्यूयॉर्कची कंपनी. सुरुवातीला ती किरकोळ दुकानांत विकायची स्वस्त खेळणी आयात करी. संस्थापकांचा मुलगा मार्टी अब्राम्स १९७१ मध्ये तिचा अध्यक्ष झाला आणि कंपनीचा धंदा पालटला. त्याच्या कारकिर्दीतली युक्ती आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यासाठी मातीची चित्रे करणाऱ्या कारागिराला लगेच कळेल. मावळा एकाच साच्यातून निघतो. पागोट्याचा आणि अंगरख्याचा रंग बदलला की तो दुसरा मावळा होतो. मेगोनेही आठ इंची धड एकच ठेवले. त्यावर डोके बसवायचे, अंगात कपडे घालायचे. कधी तो बॅटमॅन होई, कधी ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’मधला वानर, कधी कप्तान कर्क. नव्या पात्राचा मोठा खर्च काय तो डोक्याचा आणि शिलाईचा.

ही काटकसर कुठवर जाई याचे उदाहरण म्हणजे गॉर्न. मालिकेतला गॉर्न हा हिरवा, सरड्यासारखा, अंगावर चमकदार वस्त्र घातलेला परग्रहवासी आहे. मेगोच्या गॉर्नचे डोके तिच्याच स्पायडरमॅन मालिकेतल्या लिझर्ड या खलनायकाचे होते. रंग तेवढा तपकिरी केला. अंगात होता क्लिंगॉनचा गणवेश. ‘नेपच्यूनियन’ नावाचा बाहुला तर मालिकेत कुठेच नसलेल्या पात्राचा होता.

आता सुलू आणि चेकॉव्ह यांच्याकडे परत येऊ. दोघांचाही गणवेश पिवळा, म्हणजे जवळजवळ कर्कचाच. धड तयार होते, कपडे तयार होते. कमी होती ती फक्त दोन डोकी. कंपनीने मालिकेत नसलेला प्राणी घडवला, पण रोज सुकाणूवर बसणारा माणूस घडवला नाही.

योगायोग असा की, याच सुमारास हीच वजाबाकी दुसरीकडेही चालली होती. १९७३ मध्ये ‘स्टार ट्रेक’ची व्यंगपट मालिका सुरू झाली. त्यात पात्रांचे आवाज मूळ नटांनी द्यायचे होते. खर्च वाचवण्यासाठी चेकॉव्हचे पात्र गाळले गेले. उहूराची भूमिका करणाऱ्या निशेल निकल्स आणि सुलूची भूमिका करणारे जॉर्ज टाकेई यांनाही वगळण्याचा बेत होता. स्पॉकची भूमिका करणाऱ्या लिओनार्ड निमॉय यांनी, हे दोघे नसतील तर मीही नाही, अशी भूमिका घेतली, म्हणून ते राहिले. निकल्स कृष्णवर्णीय, टाकेई जपानी वंशाचे. अवकाशातल्या यानावर सर्व वंशांची माणसे बरोबरीने काम करतात, ही या मालिकेची मोठी गोष्ट. पण खर्चाची कात्री लागली की कोणाच्या नावावर आधी बोट जाते, हे त्या बेतावरून दिसते.

मेगोच्या सहा जणांत उहूरा होती, हे नोंदवायलाच हवे. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या घरांत लाल गणवेशातली एक कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी मुलांच्या हाती आली, कर्क आणि स्पॉक यांच्याइतक्याच उंचीची. बाकीचे पाच पुरुष होते. इतिहासात मेगोच्या जमेला ही एक बाजू आहे आणि उण्याला सुकाणूची.

नाकारलेली संधी

मेगोचा उतार एका नकारापासून मोजण्याची प्रथा आहे. १९७६ मध्ये एका येऊ घातलेल्या अवकाशपटाचे हक्क तिला देऊ करण्यात आले. तिने ते घेतले नाहीत. सिनसिनाटीच्या केनर कंपनीने ते घेतले. चित्रपट होता ‘स्टार वॉर्स’. १९७७ च्या नाताळापर्यंत केनरची खेळणी तयार होऊ शकली नाहीत, तेव्हा तिने चक्क बाहुल्यांशिवायचे पाकीट विकले. आत एक पुठ्ठ्याचा मंच आणि चार बाहुल्या नंतर घरपोच करण्याचे वचन. लोकांनी तेही घेतले.

केनरच्या फिगर होत्या पावणेचार इंची, एकसंध प्लॅस्टिकच्या. कपडेही साच्यातूनच निघालेले. लहान आकारामुळे त्यांना बसायला मोठी याने बनवता आली आणि किंमतही आटोक्यात राहिली. बघता बघता हेच माप सर्वमान्य झाले. मेगोनेही १९७९ मध्ये ‘बक रॉजर्स’ मालिकेच्या आणि ‘स्टार ट्रेक’च्या पहिल्या चित्रपटाच्या फिगर याच मापात काढल्या. पण वेळ गेली होती. १९८२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि १९८३ मध्ये ती बंद झाली. कापडी कपड्यांचा आठ इंची बाहुला बाजारातून गेला. तो उरला माळ्यावरच्या खोक्यांत.

माळ्यावरून कपाटात

माळ्यावर बाहुल्या कशा टिकतात, याचे एक शास्त्रच संग्राहकांनी उभे केले आहे. मेगोच्या धडाचे भाग आतून इलॅस्टिकच्या दोरीने ओढून धरलेले असतात. वीस-पंचवीस वर्षांत इलॅस्टिक सैल पडते, तुटते आणि बाहुल्याचे हातपाय लोंबू लागतात. गणवेशाचा पिवळा रंग उतरतो. कमरपट्टा, फेझर पिस्तूल, हातातला कम्युनिकेटर हे नखाएवढे ऐवज तर खेळण्याच्या पहिल्या आठवड्यातच कोचाखाली गेलेले असतात. म्हणून आज सर्व साहित्यासह मिळणारा बाहुला महाग, आणि पुठ्ठ्यावरचा फुगा कधीच न फोडलेला त्याहून कितीतरी महाग. ज्याच्याशी कोणी खेळले नाही ते खेळणे सर्वांत मौल्यवान, असा हा उलटा न्याय आहे.

तुटक्या बाहुल्यांना नवे भाग लागतात. तेव्हा संग्राहकांपैकीच काहींनी सुटे भाग घडवायला घेतले : पिस्तुले, पट्टे, बूट, मग कपडे, मग डोकी. एवढे सगळे घडवता येऊ लागल्यावर पुढची पायरी सरळ होती. २००७ च्या सुमारास डायमंड सिलेक्ट आणि एम्सी टॉइज यांनी मेगोच्या ‘स्टार ट्रेक’ बाहुल्या जुन्याच घाटाच्या पुठ्ठ्यावर पुन्हा आणल्या. दुरुस्तीचे रूपांतर पुनर्निर्मितीत झाले. २०१८ मध्ये तर मार्टी अब्राम्सने मेगो हे नावच पुन्हा बाजारात आणले. मध्ये पस्तीस वर्षे गेली होती.

एकदा साचा हाती आला की माणूस फक्त जुने परत करून थांबत नाही. ‘द ट्वायलाइट झोन’ ही १९५९ ते १९६४ या काळातली कृष्णधवल मालिका. बिफ बँग पाव या कंपनीने तिच्या आठ इंची बाहुल्या काढल्या त्या चेहऱ्यापासून कपड्यांपर्यंत करड्या रंगाच्या. पडद्यावर जसे दिसले, तसेच हातात आले. ‘फायरफ्लाय’ ही मालिका २००२ मध्ये आली. तिचे १४ भाग तयार झाले, त्यातले ११ दाखवून ती बंद करण्यात आली. २०१४ मध्ये फन्को कंपनीने तिच्या पावणेचार इंची फिगर काढल्या, थेट केनरच्या वळणाच्या. म्हणजे २००२ च्या मालिकेला १९७८ ची खेळणी मिळाली. चित्रपटांच्या बाबतीत याहून स्पष्ट उदाहरण आहे. ‘एलियन’च्या छोट्या फिगर केनरने १९७९ मध्ये योजल्या होत्या, पण त्या बाजारात आल्याच नाहीत. २०१३ मध्ये सुपर सेव्हन आणि फन्को यांनी त्या नमुन्यांवरून खऱ्या विक्रीला काढल्या. चौतीस वर्षे उशिरा झालेला हा जन्म.

सुलू आणि चेकॉव्ह हे याच रांगेतले. पण त्यांची गोष्ट मला वेगळी वाटते. ‘फायरफ्लाय’च्या फिगरमध्ये गंमत आहे, कल्पनेचा खेळ आहे. सुलूच्या बाहुल्यात एका चुकीची भरपाई आहे.

पाठीवरची अक्षरे

भरपाई झाली हे चांगलेच झाले. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे एक खडा टोचतो. एखाद्या संग्राहकाच्या काचेच्या कपाटात आज एंटरप्राइझचे सगळे अधिकारी ओळीने उभे असतात. काही १९७४ चे, काही या शतकातले. फुटभर अंतरावरून ते वेगळे ओळखू येत नाहीत. पन्नास वर्षांनी कोणी ते कपाट पाहिले तर त्याला वाटेल, १९७४ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत जपानी चेहऱ्याचा सुकाणू अधिकारी सहज मिळत होता. तसे झालेले नाही. चूक दुरुस्त करताना चूक झाली होती ही नोंदच पुसली जाण्याचा हा धोका आहे. जुन्या देवळाच्या जीर्णोद्धारात नवा दगड जुन्याशी इतका बेमालूम बसवतात की मूळ कुठले ते कळेनासे होते, तसेच.

बाजारात या धोक्याला रोख किंमत असते. नव्याने घडवलेले पिस्तूल जुन्या बाहुल्याच्या पट्ट्यात खोवून तो ‘संपूर्ण मूळ’ म्हणून विकता येतो. म्हणून जाणता संग्राहक बाहुला हातात घेतला की आधी शर्ट वर करून पाठ पाहतो. मेगोच्या मूळ धडावर पाठीला ठशाची अक्षरे आहेत : कंपनीचे नाव, हाँगकाँग हा शब्द आणि रोमन आकड्यांत १९७१ हे साल. हे साल धडाच्या हक्काचे, बाहुल्याचे नव्हे. १९७५ च्या गॉर्नच्या पाठीवरही तेच असते आणि नवशिके त्याला हमखास फसतात. पात्राच्या हक्काचे साल पाहायचे तर मानेपाशी डोके तपासावे लागते. एकाच शरीरावर दोन साले, असा हा दस्तऐवज.

हाँगकाँग हा शब्दही थांबून वाचावा असा आहे. सुलूसारखा एक आशियाई चेहरा या संचात नव्हता. पण संचातल्या प्रत्येक बाहुल्याचा साचा ओतणारे आणि इवलाले गणवेश शिवणारे हात आशियाईच होते. त्यांची खूण पाठीवर, कपड्यांखाली राहिली. संग्राहकांच्या सूच्यांत डोक्यांचे प्रकार, बुटांच्या छटा, पुठ्ठ्यांच्या आवृत्त्या यांची बारीक नोंद असते. हे हात त्यात एका शहराच्या नावापुरते येतात.

आपल्याकडची आठवण

आपल्याकडे ‘स्टार ट्रेक’ आली ती ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवरून. मूळ मालिका संपून दीड दशक होत आले होते. पण आपल्याला ती नवी होती. स्पॉकचे कान आणि हवेत विरघळणारी माणसे त्या पिढीतल्या मराठी घरांतही पाहिली गेली. मेगोच्या बाहुल्या मात्र इथल्या दुकानांत नव्हत्या, आणि तोवर मेगोही बंद पडलेली होती.

साच्यांचा प्रवास आपल्यापर्यंत पोचला तो वेगळ्या वाटेने. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅसब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल उभी राहिली. तिच्या गोव्यातल्या कारखान्याचे नाव आज परदेशी संग्राहकही ओळखतात. हॅसब्रोचे वापरून झालेले जी. आय. जोचे साचे भारतात आले आणि फनस्कूलने त्यांतून स्वतःच्या रंगांत सैनिक काढले. मूळ अमेरिकी सैनिकाहून वेगळ्या, कधी अगदी अनपेक्षित रंगांतले हे भारतीय जो आता तिकडे हौसेने शोधले जातात. पुन्हा तेच : साचा एक, रंग दुसरा.

म्हणजे पुण्या-मुंबईतला एखादा पन्नाशीचा माणूस आज जुन्या घाटाचा स्पॉक मागवतो, तेव्हा तो हरवलेले खेळणे परत आणत नसतो. त्याच्याकडे ते कधी नव्हतेच. आठवण पडद्याची, वस्तू आजची. अमेरिकी संग्राहकाला रेट्रो सुलू जसा आहे, तसा आपल्याला अख्खा संचच आहे. बालपणात नसलेली जागा आता भरलेली. यात खोटेपणा काही नाही, फक्त तारीख लक्षात ठेवायला हवी. ‘माझ्या लहानपणीचे खेळणे’ असे म्हणून ते नातवंडांच्या हाती देणे सोपे आहे. ‘माझ्या लहानपणी हे मिळत नव्हते’ असे सांगून दिले तर त्या खेळण्याबरोबर एक खरी गोष्टही हाती जाईल.

जॉर्ज टाकेई पाच वर्षांचे होते तेव्हा, १९४२ मध्ये, जपानी वंशाचे म्हणून त्यांच्या कुटुंबाला अमेरिकी सरकारने घराबाहेर काढून आर्कान्साच्या रोहवर छावणीत तारेच्या कुंपणाआड ठेवले. चोवीस वर्षांनी तोच मुलगा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एंटरप्राइझचे सुकाणू धरून बसला. आणि त्यानंतर आठ वर्षांनी त्या यानाची खेळणी आली तेव्हा त्याचे स्टूल होते, तो नव्हता. ही सगळी साले जवळ ठेवली तरच नव्या सुलूच्या बाहुल्याचे मोल कळते. कपाटात त्याला कर्कच्या शेजारी जरूर उभे करावे. शेजारी एक चिठ्ठीही ठेवावी आणि तीवर त्याच्या जन्माचे खरे साल लिहावे.